लाल दिसलं म्हणजे चुकलं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणासाठी फोन आला तेव्हा मला दोन सूचना मिळाल्या. पहिली, "तू कॉम्प्युटरवाली, तेव्हा कॉम्प्युटरवरच बोल." दुसरी, "पण सगळ्यांना कळेल असं बोल." या दोन्ही सूचना एकाच वेळी पाळणं मला इतक्या वर्षांत घरीसुद्धा जमलेलं नाही. माझ्या सासूबाई अजून शेजारी सांगतात, की सून टायपिंगचं काम करते. त्यांचं अगदीच चूक नाही. आम्ही दिवसभर टाइप करतो आणि उरलेला वेळ टाइप केलेल्यातल्या चुका शोधतो.

आज अशाच एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक माझी आहे. ती घडली ऑफिसात, २०१० साली. पण ती नीट समजायला मला आपल्या आठवी 'ब'च्या वर्गापर्यंत परत यावं लागलं.

आधी थोडी ओळख करून देते. प्रोग्राम लिहायला आम्ही जे साधन वापरतो त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. म्हणजे वहीच, फक्त पडद्यावरची. माझी वही 'व्हिम' नावाची. नेदरलँड्सच्या ब्रॅम मूलेनार यांनी ती १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणली, आणि २०२३ मध्ये ते गेले तोपर्यंत ते तिच्यावर काम करत होते. ती फुकट मिळते. उघडली की पहिल्याच पानावर एक विनंती दिसते: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. मूलेनार स्वतः तिथल्या एका गावात काम करून आले होते, आणि आपल्या एडिटरची किंमत म्हणून त्यांनी एवढंच मागितलं.

या वहीची एक गंमत म्हणजे ती लिहिलेलं रंगवते. आज्ञा एका रंगात, अवतरणातला मजकूर दुसऱ्या रंगात, टिपा तिसऱ्या. आणि काही चुकलं असं तिला वाटलं, तर त्या जागी लाल पट्टा आणि त्यावर पांढरी अक्षरं. "असं तिला वाटलं तर" हे शब्द कृपया लक्षात ठेवा. ही वही तुमचा प्रोग्राम चालवून बघत नाही. अक्षरं कशी मांडली आहेत ते तिच्याजवळच्या नियमांच्या यादीशी ताडून बघते आणि रंग देते. म्हणजे तो अंदाज असतो. बहुतेक वेळा इतका अचूक, की तो अंदाज आहे हेच आपण विसरतो.

मी विसरले होते.

२०१० मध्ये मी नुकतीच टीम लीड झाले होते. हाताखाली सहा जण. त्यांतला एक मुलगा पहिल्याच नोकरीवर आलेला, मराठी माध्यमातून शिकलेला, तालुक्याच्या गावचा. मीटिंगमध्ये कमी बोलायचा. त्याला मी एक छोटं काम दिलं. आमच्याकडे आठ फोल्डर होते, प्रत्येक गटाचा एक. रोज रात्री प्रत्येक फोल्डरची प्रत काढून, तिला त्या फोल्डरचंच नाव देऊन, दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. बॅकअप म्हणतात तो हाच. नवी प्रत आली की त्याच नावाची जुनी पुसली जायची, म्हणजे जागा पुरायची. त्याने दोन दिवसांत स्क्रिप्ट लिहून दिली. लहानशी होती, जेमतेम वीस ओळींची.

त्यात एक ओळ होती, ती सांगायलाच हवी. फोल्डरचं नाव काढायला दोन आज्ञा लागतात. आतली आज्ञा विचारते, "आपण आत्ता कुठे आहोत?" हिचं नाव पीडब्ल्यूडी. हसू नका, सार्वजनिक बांधकाम खात्याचा इथे संबंध नाही. ती पूर्ण पत्ता देते. बाहेरची आज्ञा त्या पत्त्यातलं शेवटचं नाव तेवढं काढून घेते. आतल्या आज्ञेचं उत्तर बाहेरच्या आज्ञेच्या हातात द्यायचं आणि तिचं उत्तर स्क्रिप्टच्या हातात द्यायचं, म्हणजे कंसात कंस आला.

हे लिहायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत आज्ञेच्या दोन्ही बाजूंना एक छोटं तिरकं चिन्ह देतात, बॅकटिक. सुरुवातीलाही तेच आणि शेवटीही तेच. नव्या पद्धतीत आधी डॉलरचं चिन्ह आणि मग साधा कंस. उघडायचा वेगळा आणि मिटायचा वेगळा. गणिताचे सर इथे बसले आहेत. सर, तुम्ही कंसात कंस शिकवताना साधा, महिरपी, चौकटी असे वेगवेगळे कंस काढायला लावायचात, आणि कोणता कंस कुठे मिटतो ते दाखवल्याशिवाय पुढची पायरी लिहू द्यायचा नाहीत. समजा, उघडणारा आणि मिटणारा कंस अगदी सारखा दिसला असता, एक नुसती उभी रेघ, तर कंसात कंस कुणाला सोडवता आला असता? बॅकटिकचं दुखणं नेमकं हे आहे.

त्या मुलाने नवी पद्धत वापरली होती. डॉलर आणि कंस. मी त्याची फाइल माझ्या मशीनवर व्हिममध्ये उघडली, आणि त्या ओळीवर लाल पट्टे दिसले.

मी काय विचार केला, तेही प्रामाणिकपणे सांगते. मी अगदी अडाणी नव्हते. डॉलर-कंस मी स्वतःही लिहायचे. पण माझ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'बॅश' या शेलचं नाव असायचं आणि त्याच्या पहिल्या ओळीत नुसतं 'एसएच' होतं. शेल म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा वाचून त्या पार पाडणारा दुभाषी, आणि कोणता दुभाषी हवा ते पहिल्या ओळीत लिहितात. 'एसएच' हे सगळ्यांत जुनं नाव. मी ठरवलं, की बॅशमध्ये चालतं ते या जुन्या शेलमध्ये चालत नसणार, म्हणूनच एडिटर लाल दाखवतोय. अर्धवट माहिती आणि वर लाल रंग. मग खात्री वाटायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी फाइल प्रोजेक्टरवर लावली. म्हटलं, "हे लाल दिसतंय का? पाठवण्यापूर्वी निदान एकदा उघडून बघत जा." सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. तो "हो मॅडम" म्हणाला. रात्रीतून त्याने डॉलर-कंस काढून बॅकटिक घातले. सकाळी मी फाइल उघडली, कुठेही लाल नव्हतं. मी मंजुरी दिली.

आता कंसात कंस आठवा. पहिलं तिरकं चिन्ह आलं, बाहेरची आज्ञा आली, मग आतल्या आज्ञेसाठी दुसरं तिरकं चिन्ह आलं. आपल्या दृष्टीने ते उघडणारं चिन्ह. शेलच्या दृष्टीने ते मिटणारं. त्याने बाहेरची आज्ञा तिथेच संपवली. तिला काहीच दिलेलं नव्हतं, तेव्हा तिने तक्रार करून रिकामं उत्तर दिलं. त्यापुढे पीडब्ल्यूडी ही आज्ञा उरलीच नाही, नुसती तीन अक्षरं उरली. शेवटची दोन चिन्हं एकमेकांत मिटली. म्हणजे फोल्डरचं नाव काय आलं? 'पीडब्ल्यूडी'. आठही फोल्डरचं तेच.

रात्री पहिल्या फोल्डरची प्रत 'पीडब्ल्यूडी' नावाने ठेवली जायची. दुसऱ्याची त्याच नावाने तिच्यावर. तिसऱ्याची तिच्यावर. सकाळी डिस्कवर एकच ताजी प्रत असायची, आठव्या फोल्डरची. बाकी सात गटांच्या जुन्या प्रती आपापल्या नावाने जागच्या जागी होत्या, पण त्यांत नवीन काही जात नव्हतं. आणि ती बाहेरची आज्ञा रोज रात्री आठ वेळा जी तक्रार करत होती, ती कुणी वाचतच नव्हतं. रात्रीच्या कामांचे संदेश मेलवर यायला नकोत, कचरा होतो, ही सूचना माझीच होती.

असे एकोणीस दिवस गेले. मग एक डिस्क बंद पडली.

चाचणी विभागातल्या आमच्या एका सहकारी मैत्रिणीचं सगळं काम त्या डिस्कवर होतं. बॅकअप काढायला गेलो तर तिची सापडलेली प्रत एकोणीस दिवस जुनी. मधल्या दिवसांत तिने शेकडो तपासण्या करून हातानं नोंदी केल्या होत्या. त्या गेल्या. तिने त्या पुन्हा केल्या. तीन आठवडे ती संध्याकाळी आमच्यानंतर निघायची. मला एका शब्दानं बोलली नाही, आणि ते ऐकून घेण्यापेक्षा जड गेलं.

मी त्या मुलाला बोलावलं. दोघांनी मिळून ती ओळ वाचली, आणि काय झालं ते पाच मिनिटांत कळलं. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, माझं आधीचं बरोबर होतं."

मी विचारलं, "तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो. माझ्या मशीनवर तपासलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "लाल दिसत होतं ना. सगळ्यांसमोर."

त्याच्याही मशीनवर व्हिमच होतं. पण कॉलेजातल्या एका सीनियरने त्याला सेटिंगची फाइल दिली होती. तिच्यात एक ओळ होती, जी एडिटरला सांगते, की 'एसएच' म्हणजे आजच्या प्रमाण नियमांचा शेल समज. माझं व्हिम आमच्या लिनक्सच्या पॅकेजमधून जसंच्या तसं आलेलं. त्यात ती ओळ नव्हती, आणि मी कधी घातलीही नव्हती. ओळ नसेल तर 'एसएच' पाहिल्यावर ते एडिटर अगदी मूळचा बोर्न शेल गृहीत धरायचं. हा शेल बेल लॅब्जच्या स्टीफन बोर्न यांनी लिहिला आणि तो १९७९ च्या युनिक्सबरोबर आला. डॉलर-कंस त्यात नव्हताच. तो डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमधून १९८० च्या दशकात आला, आणि १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणात 'एसएच'चा अधिकृत भाग झाला. म्हणजे २०१० मध्ये त्या मुलाचं लिखाण अठरा वर्षांपूर्वीच्या नियमाने अगदी बरोबर होतं, आणि माझी वही त्याला एकतीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातून तपासत होती. व्हिमच्या मदतपानावर, तुमचा शेल कोणता ते तुम्हीच सेटिंगमध्ये सांगा, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते पान उघडलंच नव्हतं.

सगळ्यांत बोचरी गोष्ट वेगळीच. बॅकटिकची ती मोडकी ओळ लिखाणाच्या नियमांत बसत होती. नुसतं व्याकरण तपासण्याची एक आज्ञा शेलमध्ये असते, तीही त्या ओळीला पास करते. बरोबर ओळ लाल होती आणि चुकीच्या ओळीला सगळीकडून पसंती होती. खरं काय ते फक्त एका गोष्टीने कळलं असतं: एकदा चालवून काय नाव येतं ते बघणं. दोन सेकंदांचं काम. त्याने ते केलं होतं, मी नाही.

त्या रात्री घरी आले आणि मला आठवी 'ब' आठवली.

आमच्या घरी आजोबा होते. ते १९३० च्या दशकात शिकलेले. माझा एक निबंध त्यांनी शिसपेन्सिल घेऊन तपासला आणि जागोजागी टिंबं दिली. 'घरात' चं 'घरांत', 'नाही' चं 'नाहीं', 'काही' चं 'कांहीं'. मी ती सगळी शाईने पक्की करून निबंध बाईंकडे दिला. वही परत आली तेव्हा अकरा टिंबांभोवती अकरा लाल वर्तुळं होती. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, कारण माझे आजोबा चुकतील हे मला मान्यच नव्हतं.

बाई, तुम्हाला हे आठवत असेल की नाही, माहीत नाही. मी वही घेऊन टेबलाशी आले. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही विचारलंत, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, आजोबांनी दिलीत. तुम्ही हसलात आणि दुसऱ्या दिवशीचा अख्खा तास त्या टिंबांवर घेतलात. फळ्यावर दोन्ही रूपं लिहिलीत. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, तेव्हा उच्चारात नसलेली ही टिंबं गेली. त्याआधी शिकलेल्या माणसाला ती देणंच बरोबर होतं, हे आम्हाला सांगितलंत. आणि माझ्या निबंधाखाली त्याच लाल शाईने लिहिलंत, "जुन्या नियमाने बरोबर. परीक्षेत नवा नियम पाळावा." मी ते आजोबांना दाखवलं. ते बराच वेळ वही हातात धरून बसले होते.

लाल शाई तुमच्याही हातात होती आणि माझ्याही. तुम्ही विचारलंत, हे कुठे शिकलीस. मी त्याला हे विचारलं नाही. मी फाइल भिंतीवर लावली.

पुढच्या मीटिंगमध्ये मी तीच जुनी फाइल पुन्हा प्रोजेक्टरवर लावली. लाल पट्ट्यांसकट. सांगितलं, की ही ओळ बरोबर होती, ती मी चुकीची ठरवली, आणि बॅकअप गेला तो माझ्या मंजुरीमुळे. मग सगळ्यांसमोर सेटिंगमध्ये ती एक ओळ घातली आणि फाइल पुन्हा उघडली. लाल गेलं. कुणीतरी टाळी वाजवली, त्या मुलाने मात्र मान खाली घातली. त्याला अवघडल्यासारखं झालं असावं. चुकीचा शिक्का चार लोकांत बसला तर तो चार लोकांतच पुसावा लागतो, एवढं मला कळलं होतं. पण पुसल्यावरही थोडा डाग राहतो, हे तेव्हा दिसलं. तो मीटिंगमध्ये मोकळेपणी बोलायला लागायला पुढे वर्षभर लागलं. आज तो माझ्यापेक्षा मोठी टीम सांभाळतो.

तेव्हापासून कुणाचंही काम तपासायला घेतलं आणि काही खटकलं, तर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे कुठे शिकलास?" दहांतून सात वेळा समोरच्याची चूक निघते, मग तीही नीट समजते. उरलेल्या तीन वेळा मी काहीतरी शिकते. रात्रीच्या कामांच्या तक्रारी आता मेलवर येतात. कचरा होतो, पण मी वाचते. आणि महिन्यातून एकदा आम्ही एखादा बॅकअप खरोखर उघडून बघतो.

जाता जाता या वहीची आणखी एक खोड सांगते, ती आजच्या दिवसाला लागू आहे. फाइल खूप लांब असेल आणि तुम्ही थेट मध्ये उडी मारली, तर कधी कधी सगळेच रंग चुकतात. साधा मजकूर अवतरणात असल्यासारखा दिसतो, अवतरणातला बाहेर. कारण वेळ वाचवायला एडिटर मागच्या थोड्याच ओळी बघतो. अवतरण त्याच्याही आधी कुठेतरी उघडलेलं असतं, ते त्याला दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे एक आज्ञा: पहिल्या ओळीपासून वाच. वेळ लागतो, पण रंग बरोबर येतात.

आज सकाळी फाटकापाशी मी दोघीतिघींना ओळखलं नाही, आणि एकाला पाहून मनात म्हटलं, हा किती गंभीर झालाय. दुपारपर्यंत त्याच्याकडून मधल्या वर्षांचं ऐकलं, तेव्हा कळलं. आपण सगळे आज एकमेकांना मध्येच उघडतो आहोत. जेवण होईपर्यंत कुणाला काही रंग देऊ नका, एवढीच विनंती.

बाई, ती आठवीची वही मी आज आणली आहे. अकरा वर्तुळं आणि खालची ओळ, दोन्ही अजून वाचता येतात. भाषणं संपली की तुमच्याकडे घेऊन येते. एकदा पुन्हा बघा.